म्हेत्रे साहेबांचा डबा

माझ्या बहिणीनं एका माणसाला पन्नासहून जास्त वर्षं दिवाळीचा फराळ पाठवला. तो माणूस जन्मालाच आलेला नव्हता. फराळ मी खाल्ला, आणि तोही बिनतिखटाचा. जुन्नर तालुक्यातल्या माणसाला दर दिवाळीला मिळमिळीत चिवडा खावा लागणं ही काय शिक्षा आहे, ते बाहेरच्यांना कळायचं नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फौजेतल्या नोकरीबद्दल लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं गोळीबार, बर्फ आणि शौर्य असावं. मी सिग्नलमध्ये होतो. सिग्नलवाल्याचं शौर्य म्हणजे कानाला हेडफोन लावून बसायचं आणि पेंग येऊ द्यायची नाही. सुभेदार होऊन बाहेर पडलो, आता ओतूरजवळ गावी कांदा करतो. मधल्या बढत्या आणि बदल्या सांगत बसत नाही, त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. एकच साहेब सांगतो, कारण तसा साहेब दुसऱ्या कुणाच्या नशिबी आला नसेल.

साहेब लोकांच्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्या. एक साहेब वायरलेसवर इतके ओरडायचे की वायरलेसची गरजच उरायची नाही. दुसरे एक बोलताना बटण दाबायचे विसरायचे आणि पलीकडून उत्तर आलं नाही की माझ्याकडं बघायचे. मी 'सर, बटण' म्हणायचो आणि ते 'माहीत आहे' म्हणायचे. पण हे सगळे साहेब जेवायचे, घोरायचे, रजेवर जायचे. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते यातलं काहीच करत नव्हते आणि तरी आम्हाला त्यांची लई सेवा करावी लागली.

आधी आमचं काम थोडक्यात सांगतो. आमच्या काळात निम्मं वायरलेस मोर्सवर चालायचं. टेबलावर एक छोटी कळ. ती चटकन दाबून सोडली की टिक, दाबून धरली की टीं, आणि या दोन आवाजांतून सगळी अक्षरं. पण कळ दाबायची प्रत्येकाची ढब वेगळी. तिला आम्ही 'हात' म्हणायचो. चार दिवस एखाद्याचा हात ऐकला की न बघता सांगता येतं, हा अमका, हा कालच रजेवरून आलाय, याचं आज कुणाशी तरी बिनसलंय. आणि जे आम्हाला कळायचं, ते पलीकडे बसून चोरून ऐकणाऱ्या शत्रूच्या माणसालाही कळायचं. त्याचंही पोट त्यावरच होतं.

मी जन्माचा डावखुरा. शाळेत मास्तरांनी फटके देऊन देऊन उजव्या हातावर आणलं, पण डावा हात काही विसरला नाही. त्यामुळं कळीवर माझे दोन हात म्हणजे दोन वेगळी माणसं होती. डावा जरा घाईचा, उजवा मास्तरांना भिऊन वागणारा. शाळेत असताना मास्तरांना मनातल्या मनात काय काय म्हणायचो ते इथं लिहिता येणार नाही, पण पुढं त्यांच्या त्या फटक्यांनी बरीच माणसं वाचली.

दुसरी शिकवण आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आमचं घराणं मेंढरांचं. आबा माळावर कळप बसवायचे तेव्हा एका अंगाला ते आणि चुलते झोपायचे, दुसऱ्या अंगाला झोपायला माणूस नसायचा. तिथं आबा काठीला घोंगडं पांघरायचे, वर पटका ठेवायचे. त्याचं नाव आप्पा. लांडग्याला किंवा मेंढीचोराला वाटावं की दोन्हीकडं माणसं आहेत. पण नुसतं घोंगडं उभं करून आबांचं समाधान होत नसे. दिवस कलला की ते आप्पाशी मोठ्यानं भांडायला लागायचे. "आप्पा, परवा तंबाकू नेली ती दे की माघारी. लाज वाटती का काय?" मी एकदा विचारलं, काठीशी भांडता कशाला? आबा म्हणाले, "आरं, गोड बोललं तर चोराला संशय येतो. भांडाया लागलं म्हंजी तिथं खराच मानूस हाये."

आता बबन आणि शेवंता. शेवंता माझी धाकटी बहीण. घोडेगावाकडच्या एका वाडीतल्या बबनशी तिची सुपारी फुटली होती. बबन पायदळात. माझा जुना दोस्त, किंबहुना मीच हे स्थळ सुचवलं होतं. त्याच्या पुढच्या रजेत लग्न करायचं ठरलं आणि तेवढ्यात एकाहत्तरची लढाई तोंडावर आली. रजा बंद झाल्या. मी घरीच रजेवर होतो, मला परत बोलावणारी तार आली तेव्हा शेवंता ओतूरच्या एसटी स्टँडवर पोचवायला आली होती. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाली, "दादा, त्यांच्याकडं बघशील ना?"

मी म्हणालो, "अगं, ते कुठं, मी कुठं. फौज काय आपली आळी हाये व्हय?"

"तरी बघ," ती म्हणाली.

आणि नशीब बघा, पश्चिमेकडच्या वाळूच्या मुलखात आमची ब्रिगेड जिथं लागली, तिथंच पुढच्या टेकाडावर बबनची कंपनी येऊन बसली. टेकाड कसलं, वाळूचा उंचवटा. पण त्याच्या खांद्यावरून रस्ता जात होता आणि पायथ्याला त्या भागातली एकमेव गोड्या पाण्याची विहीर होती.

लढाई सुरू झाली आणि लगेच ब्रिगेडला दुसरीकडं बोलावणं आलं. तिकडं जास्त निकड होती. सगळी ब्रिगेड गुपचूप निघून गेली. मागं राहिलो आम्ही दहा-अकरा जण, काही वायरलेस सेट, टेलिफोनचं एक बोर्ड, रिकामे तंबू आणि दोन नादुरुस्त ट्रक. आमच्यावर एक कॅप्टन साहेब होते, दक्षिणेकडचे, तरुण, चष्मा लावणारे. त्यांनी आम्हाला एका ताडपत्रीखाली बसवलं आणि सरळ सांगितलं, "इथं ब्रिगेड आहे असं शत्रूला वाटलं पाहिजे. तसं वाटेल तोवर तो थांबेल. मागं कुणी नाही हे कळलं, तर पुढच्या कंपनीवरून रणगाडे घालून सरळ चालत येईल."

पुढची कंपनी म्हणजे बबनची. मला शेवंता त्या स्टँडवर उभी दिसली.

अडचण अशी की जुने हात ब्रिगेडबरोबर गेले होते. शत्रूला एकदम नवे हात ऐकू आले असते तर त्यानं विचार केला असता, हे कोण? त्यावर कॅप्टन साहेबांनी तोड काढली. नवा ब्रिगेडियर आलाय आणि येताना आपली माणसं घेऊन आलाय. फौजेत हे चालतं, कुणाला नवल वाटत नाही. असे आमचे साहेब त्या ताडपत्रीखाली जन्माला आले. कॅप्टन साहेबांनी त्यांना आपल्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचं आडनाव दिलं, मेहरोत्रा. हुद्दा दिला, मिशा दिल्या, स्वभाव कडक दिला.

पहिले दोन दिवस आम्ही मेहरोत्रा साहेबांच्या नावानं व्यवस्थित संदेश पाठवले. दारूगोळा इतका हवा, पेट्रोल इतकं हवं. कॅप्टन साहेब ऐकत बसायचे आणि मान हलवायचे. "बरोबर आहे सगळं," ते हिंदीत म्हणाले, "पण हा माणूस जिवंत वाटत नाही."

मी भीत भीत आप्पाची गोष्ट सांगितली. बाकीचे हसले. कॅप्टन साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तुझे वडील त्याच्याशी कशावरून भांडायचे?" तंबाकू, म्हणालो. तेवढ्यात आमचा आचारी लछमन बोलला. हा पहाडी मुलखातला, उंचापुरा, पोट सुटलेला, मिशा भरघोस. तो म्हणाला, "साहेबांचं पोट बिघडलेलं पाहिजे. मी आजवर ज्या ब्रिगेडियरसाठी रांधलं त्याचं पोट बिघडलेलंच होतं." कॅप्टन साहेब पहिल्यांदा हसले. म्हणाले, पोट द्या.

मग साहेब जिवंत झाले. वायरलेसवर गप्पा मारायला सक्त मनाई असते आणि कंटाळलेले सिग्नलवाले त्या हमखास मारतात, हे शत्रूलाही ठाऊक. म्हणून आम्ही मनाई मोडल्याचं सोंग केलं. मेसवाला रसदवाल्याला साध्या हिंदीत सांगायचा, साहेबांना तिखट चालत नाही, दही पाठव. कालच्या डाळीत मिरची सापडली, सगळ्यांना उभं आडवं झापलंय. इकडं कळीवर माझा डावा हात माझ्या उजव्या हातावर तासन्‌तास खेकसायचा, साहेबांचा निरोप उशिरा का दिलास म्हणून. उजवा माफी मागायचा. खरं सांगतो, दोन-तीनदा उजव्याला मनापासून वाईट वाटलं.

दिसायलाही साहेब हवे होते. लछमनला ब्रिगेडियरची लाल पट्टीची टोपी आणि लाल कॉलर चढवली आणि झेंडा लावलेल्या जीपमधून दुपारच्या धुळीत टेकाडाच्या खांद्यावरच्या रस्त्यानं फिरवून आणलं. तोंड उघडायचं नाही अशी ताकीद होती. तिसऱ्या फेरीनंतर तो उतरला आणि मला म्हणाला, चहा थंड आहे. मी गरम करून आणायला उठलो आणि अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की चहा करायचं काम त्याचं आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. कंपनीच्या मेजर साहेबांना खरं माहीत होतं. त्यांच्या जवानांना नव्हतं. एखादा पकडला गेला तर त्याच्या तोंडून निघायला नको, म्हणून सांगायचंच नाही असा हुकूम होता. हुकूम बरोबर होता, मी आजही तेच म्हणेन. पण एका संध्याकाळी टेकाडावरून फोन आला आणि पलीकडं बबन होता. बोर्डावर मी आहे हे त्याला कुणाकडून तरी कळलं होतं.

"भाऊ, तूच का रं? बरं झालं. शेवंताचं पत्र आलं का?"

आलं होतं, सगळं खुशाल होतं, ते सांगितलं. मग त्याचा आवाज थोडा खाली आला.

"पलीकडं रणगाडे दिसत्यात रं आमाला. लई हायेत. मागं साहेब हायेत न्हवं? आज जीपमंदी बघितलं मी. सलाम ठोकला, त्यांनी बी घेतला."

मी समोर बघितलं. रिकामे तंबू फडफडत होते. लछमन लाल टोपी घालून कांदा चिरत बसला होता.

"हायेत," मी म्हणालो.

"मंग काय काळजी न्हाई," बबन म्हणाला आणि फोन ठेवला. मी बराच वेळ तसाच हेडफोन धरून बसलो होतो.

त्यानंतर एका सकाळी उजाडता उजाडता आमच्या तंबूंवर तोफांचा मारा झाला. आम्ही रिकाम्या तंबूंपासून लांब खंदकात होतो म्हणून वाचलो. तंबूंच्या चिंध्या झाल्या, एक ट्रक जळाला, मेसचं पातेलं कुठल्या कुठं उडालं. खरं तर आम्हाला आनंद व्हायला हवा होता. शत्रूनं तोफा डागल्या म्हणजे साहेब आहेत असं त्यानं मानलं होतं. पण कॅप्टन साहेब खूश दिसेनात. म्हणाले, "आता ते ऐकत बसले असतील. आपण गप्प राहिलो तर ते समजतील ब्रिगेड संपली, आणि टेकाडावर येतील. आणि रोजच्यासारखा व्यवस्थित संदेश पाठवला, तर समजतील हे नाटक आहे. एवढा मार खाऊन कोण व्यवस्थित बोलतं?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझे वडील आता काय करतील?"

मी म्हणालो, "आप्पाला शिव्या घालतील, साहेब."

मी बोलायचा सेट उचलला. मेसवाला झालो आणि रडक्या आवाजात, कुठलीही गुप्त भाषा न वापरता, रसदवाल्याच्या मागं लागलो. दह्याचं पातेलं उडालं. साहेब खंदकात बसून आरडाओरडा करतायत. तोफांचं त्यांना काही नाही, दही कुठं म्हणून विचारतायत. दुपारपर्यंत दही आलं नाही तर माझी खैर नाही, भाऊ, तुझ्या पाया पडतो. रसदवाला झालेला आमचाच पोरगा मागच्या खंदकातून मला झापत होता, गोळे पडतायत आणि तुला दही सुचतंय का? सेट खाली ठेवला तेव्हा माझा शर्ट घामानं भिजला होता.

त्यानंतर सगळं शांत. आम्ही टेकाडाकडं बघत बसलो. तिकडून रणगाड्यांचा आवाज आला असता तर बबन गेला होता आणि शेवंताला तोंड दाखवायला मला जागा नव्हती. फोन वाजला.

"भाऊ, साहेब धड हायेत ना?" बबनच.

"धड हायेत. दही सांडलं म्हून कावलेत."

पलीकडं बबन हसला. त्यानं शेजारच्याला सांगितलं, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला, आणि तारेतून मला खंदकभर हसू ऐकू आलं. त्या दिवशी शत्रू आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लढाई संपेपर्यंत तो त्या टेकाडावर आलाच नाही.

नंतर कॅप्टन साहेबांनी एक गोष्ट सांगितली. तिकडचा एक वायरलेसवाला आपल्या ताब्यात आला होता. सगळी चौकशी झाल्यावर त्यानंच उलट विचारलं, तुमच्या ब्रिगेडियर साहेबांचं पोट आता कसं आहे? माझ्या छातीवर पदकं फारशी नाहीत, पण हा प्रश्न मी पदकाच्या जागी धरतो.

साहेबांची बदली झाल्याचं आम्ही वायरलेसवर जाहीर केलं आणि लछमननं त्यांच्या निरोपाची खीर केली. कॅप्टन साहेबांनी सगळ्यांकडून शपथ घेतली. हा डाव पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही, तेव्हा मी सांगेपर्यंत घरातसुद्धा बोलायचं नाही.

बबन धडधाकट घरी आला. लग्न झालं. पण त्याच्या तोंडी एकच विषय. आमच्या मागं मेहरोत्रा साहेब व्हते, तोफा पडत व्हत्या आन् साहेब दही मागत व्हते, काय छातीचा मानूस. पंगतीत, पारावर, एसटीत, सगळीकडं. शेवंताच्या तोंडी मेहरोत्राचं म्हेत्रे झालं. पुढल्या दिवाळीत मी रजा संपवून निघालो तर तिनं एक पितळी डबा माझ्या पिशवीत घातला. लग्नातला डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेलं.

"ह्यो म्हेत्रे साहेबांना दे. त्यांनी माजा मानूस सांबाळला. तिखट घातलं न्हाई, दही मागत व्हते म्हंजी त्यांना चालत नसंल."

शपथ होती. घेतला. तो पहिला डबा मी आणि लछमननं मिळून संपवला. लछमन म्हणाला, साहेबांच्या प्रकृतीला मानवलं. आता डबा परत द्यायची वेळ आली. आपल्याकडं दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आणि साहेब माणूस साखर कशी पाठवेल? मी अक्रोड घातले. शेवंतानं ते गावभर दाखवले.

तिथं मी फसलो ते फसलोच. दर दिवाळीला डबा यायचा आणि साहेबांना काहीतरी पाठवावं लागायचं. केशर झालं, बदाम झाले, बबनला शाल झाली. भाचीच्या लग्नात शेवंताला साहेबांकडून साडी गेली, कारण साहेबांना प्रवास झेपत नव्हता. त्यांना मी निवृत्त करून डेहराडूनला ठेवलं होतं, कुणी सहज उठून भेटायला जाऊ नये म्हणून. मी फौज सोडल्यावर डबा पार्सलनं जातो असं सांगायचो. आमची मंडळी एकदा म्हणाली, "बहिणीला स्वतःच्या नावानं कधी एवढं दिलं न्हाई तुमी." खरं होतं. साहेबांच्या नावानं मला बरोबर सुचायचं. स्वतःच्या नावानं भाऊबीजेला घाईघाईत हाताला येईल ते.

बबन साहेबांसाठी नवसही बोलला होता. आम्ही लेण्याद्रीला गेलो, सगळ्या पायऱ्या चढून, साहेबांच्या नावानं अभिषेक करायला. गुरुजींनी विचारलं, गोत्र? बबननं माझ्याकडं बघितलं. मी कश्यप म्हणून सांगितलं. गोत्र ठाऊक नसलं की कश्यप सांगतात, आणि ज्याला आई-बाप नाहीत त्याला दुसरं काय सांगणार? गिरिजात्मजापुढं हात जोडून मी मनात म्हणालो, देवा, तुला माहीत आहेच.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर कॅप्टन साहेबांचा फोन आला. आता नव्वदीकडं झुकलेत, पण आवाज तोच. गप्पा झाल्या, लछमन कधीच गेल्याचं बोलणं झालं. फोन ठेवताना म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही कुणाला. शपथ सोडली." फोन ठेवला आणि मला उलट काळजी लागली. शपथ होती तोवर बरं होतं.

दिवाळीत शेवंता आणि बबन घोडेगावची एसटी पकडून, जुन्नरला बदलून आले. बबनला आता काठी लागते. अंगणात खाट टाकली, चहा झाला. शेवंतानं पिशवीतून दोन डबे काढले, एक आमचा आणि एक साहेबांचा. आणि साहेबांच्या डब्यावर हात ठेवून म्हणाली, "दादा, साहेबांचं वय काय असंल रं आता?"

"असंल की बरंच."

"लढाईच्या वक्ताला पन्नाशीचे व्हते म्हनं. म्हंजी आता शंभराच्या वर गेले. आन् अजून अनारसं चावत्यात?"

बबन बशीत चहा ओतत होता, तो थांबला. मी तिच्याकडं बघितलं. तिला काय कळलं होतं आणि कधी कळलं होतं, मला सांगता येणार नाही. मी सगळं सांगून टाकलं. ताडपत्री, गणिताचे मास्तर, डावा हात, उजवा हात, दही. बशीतल्या चहावर साय धरली.

बबन काठी घेऊन उठला आणि कांद्याच्या वावराकडं तोंड करून उभा राहिला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. या माणसानं नातवंडांना साहेबांच्या गोष्टी सांगून मोठं केलं होतं आणि मी एका दुपारी ते सगळं काढून घेतलं होतं.

"जीपमंदी कोन व्हतं?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"लछमन. आमचा आचारी."

"मी आचाऱ्याला सलाम ठोकला व्हय?"

"त्यानं घेतला बी, पावणं."

त्यानं काठीनं मातीत रेघ ओढली. "म्हंजी आमच्या मागं कोनच नव्हतं."

"आमी दहा-अकरा जन व्हतो."

"आन् रायफली?"

"व्हत्या. लछमनची जरा गंजली व्हती."

बबन वळला, येऊन खाटेवर बसला. "त्या सकाळी तुमच्या अंगाला धूर दिसला आन् आमचं धैर्य गेलं व्हतं, भाऊ. म्हनलं, आता मागं काय उरलं न्हाई. पोरं एकमेकांकडं बघाया लागली व्हती. मंग तू दह्याचं सांगितलंस. आमी हासलो. हासल्याव कोन पळतंय?" त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी तुला इचारलं व्हतं, मागं साहेब हायेत न्हवं. तू हायेत म्हनलास. ध्यानात हाये मला."

"व्हय. खोटं बोललो, पावणं."

"खोटं कसलं. मागं तू व्हतास की."

शेवंतानं पदरानं डोळे पुसले, साहेबांचा डबा उचलला आणि घरात गेली. मला वाटलं, रागावली. तिचा हक्कच होता. मग आतून तेलात लसूण आणि मिरच्या पडल्याचा आवाज आला आणि अंगणात बसलेल्या आम्हा दोघांना ठसका लागला. ती बाहेर आली ती तोच चिवडा लालभडक करून. डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"घे. एवढी वर्सं बिनतिखटाचं खाल्लंस." दोन पावलं गेली आणि मागं वळली. "आन् डबा रिकामा धाडू नको. साहेबांनी कधी रिकामा धाडला न्हाई."

चिवडा त्याच आठवड्यात संपला. डबा मात्र वर्षभर माझ्याकडं आहे. स्वतःच्या नावानं त्यात काय घालावं ते ठरत नव्हतं. आता ठरलंय. हा अंक हातात आला की त्याची एक प्रत गुंडाळून त्या डब्यात घालणार आणि वर मूठभर अक्रोड टाकणार. अंक माझ्याकडून, अक्रोड साहेबांकडून.